सिलोनी दालचिनी, बेपत्ता खारीक आणि मस्जिदचं एक दुकान

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण त्याचा मालाशी संबंध नाही. मालाला पाचच्या पाच.

दुकानाचं नाव टाकत नाही. शेठजींचंच म्हणणं, "ताई, नाव नका लिहू, आहे तीच गर्दी झेपत नाही." खूण सांगते. मस्जिदला उतरायचं (फास्ट गाडी थांबत नाही, डोंबिवली-कल्याणकरांनी मुकाट्याने स्लो धरावी), नरसी नाथा स्ट्रीटला लागायचं आणि हातगाड्या चुकवत भात बाजाराच्या दिशेने चालत राहायचं. मसाल्याचा मोठा घाऊक बाजार वाशीला गेला त्याला जमाना झाला, तरी या गल्ल्यांतला हिंगा-लवंगेचा वास काही हललेला नाही. ज्या दुकानात डब्याडब्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी खोचलेली दिसेल आणि चिठ्ठीवर भावाच्याही वर देशाचं नाव असेल, ते हे दुकान.

पाकीटबंद परदेशी मालावर देशाचं नाव छापावंच लागतं. गोणीतून सुटा विकला जाणारा माल कुठून आला, हे मात्र ना कुणी सांगतं ना कुणी विचारतं. इथे "मिरी, श्रीलंका", "मिरी, वायनाड", "मसाला वेलची, नेपाळ", "हिंग, अफगाण" असं शेठजींच्या तिरप्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं असतं. शेठजी कच्छी, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ.

मला या चिठ्ठ्यांचं एवढं कौतुक का, तर माझा सगळा जन्म त्यातच गेला. बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे आयातदारांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे, मी डॉक्युमेंटेशनला होते. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील) भरायची, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ताडून बघायची, आणि सीओओवरचा शिक्का-सही निरखायची. सीओओ म्हणजे माल कुठल्या देशात पिकला किंवा बनला त्याचा दाखला. त्या देशाशी आपला करार असला आणि दाखला खरा असला, तर ड्युटी कमी किंवा माफ. मुक्त व्यापाराच्या मोठमोठ्या भाषणांचं शेवटी कस्टम्सच्या टेबलावर एवढंच उरतं: एक कागद. संध्याकाळी दादरला आयात-निर्यातीच्या वर्गात हेच शिकवायचेही. त्यामुळे मे महिन्यात गोड्या मसाल्याची यादी घेऊन या दुकानात उभी राहिले की माझ्यातली मास्तरीण जागी होते. तेवढं सांभाळून घ्या.

दालचिनीपासून सुरुवात करते, कारण तीच या दुकानाची शान. बाजारात 'दालचिनी' म्हणून जी जाड, खरबरीत, काठीसारखी साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया. चीन, व्हिएतनाम नाहीतर इंडोनेशियाची. इथे ती वेगळ्या डब्यात, वेगळ्या नावाने आहे. शेजारच्या डब्यात खरी सिलोनी: कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटाने चुरडली तर चुरा होतो, चव गोडसर, जिभेला झोंबत नाही. सगळ्यात बारीक प्रतीला अल्बा म्हणतात, नळीची जाडी सहा मिलीमीटरच्या आत. कॅशियाच्या तिप्पट-चौपट भाव पडतो. चहाला, शिऱ्याला, श्रीखंडाला अल्बा घ्या. गोड्या मसाल्यात भाजून कुटायचीच असेल तर त्याखालची प्रत पुरे, शेठजी स्वतःच तसं सांगतात. महाग माल गळ्यात न मारणारा दुकानदार मुंबईत दुर्मीळ.

ही दालचिनी इथे का येते याचं उत्तर सोपं आहे. श्रीलंकेकडे ती आहे, आपल्याकडे तशी आणि तेवढी नाही, आणि कोलंबो ते न्हावा शेवा हा बोटीचा जवळचा रस्ता. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारावर डिसेंबर १९९८ मध्ये सह्या झाल्या आणि १ मार्च २००० पासून तो लागू झाला, पण सिलोनी दालचिनी त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत उतरत होती. करारामुळे ती स्वस्त झाली एवढंच.

खरी गंमत मिरीच्या डब्यापाशी. श्रीलंकेची मिरी तिखट, जड, वासाला खणखणीत. वायनाडची जरा मवाळ पण सुगंध जास्त. मी दोन्ही घेते, सारासाठी वायनाड आणि मसाल्यात सिलोनी. गेल्या वेळी मी शेठजींना विचारलं, ही श्रीलंकेचीच ना? ते हसले. "ताई, तुम्ही विचारणार म्हणून चाळून ठेवलीय."

या प्रश्नामागे बराच इतिहास आहे. बाहेरच्या देशाच्या मिरीवर आपली ड्युटी साधारण ७० टक्के. व्हिएतनामसारख्या आसियान (आग्नेय आशियाई गटातल्या) देशांना २०१० पासून लागू असलेल्या करारामुळे ती पन्नासच्या आसपास. श्रीलंकेची मिरी मात्र द्विपक्षीय करारात वर्षाला २,५०० टनांपर्यंत बिनड्युटी, आणि त्यावरची साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली, ८ टक्क्यांनी. आता साधा हिशेब करू. किलोला ६०० रुपये किंमत धरा. हनोईहून सरळ आली तर ३०० रुपये ड्युटी. तीच कोलंबोला उतरवून, गोण्या बदलून, 'श्रीलंकेत पिकली' असा दाखला लावून आणली तर फार तर ४८ रुपये. किलोमागे अडीचशे सुटले. वीस फुटी कंटेनरमध्ये तेरा-चौदा टन मिरी मावते, म्हणजे एका कंटेनरमागे तीस लाखांच्या वर! एवढा पैसा समोर दिसत असताना सगळे हरिश्चंद्रच निघतील ही अपेक्षा कुणी ठेवावी? केरळ आणि कोडगूचे मिरी शेतकरी वर्षानुवर्षं हेच ओरडत होते. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किलोला ५०० रुपयांखालची मिरी आणायलाच बंदी घातली. त्यावर शेतकऱ्यांची पुढची तक्रार आली, की भाव कमी असला तरी बिल पाचशेच्या वरचं फाडतात. ड्युटीच नाही तर बिल फुगवायला काय जातंय?

मग २१ सप्टेंबर २०२० पासून कारोटार नावाचे नियम आले. तोवर दाखला जोडला की आमचं काम संपायचं. त्यानंतर माल खरोखर तिथेच पिकला की कसा, याची माहिती आयातदाराने स्वतः जवळ बाळगायची आणि पाच वर्षं कागद जपायचे. ऑफिसात आमची धांदल उडाली होती. अर्धे आयातदार फोनवर विचारायचे, "मॅडम, मिरी कुठल्या शेतात पिकली ते मला कसं ठाऊक असणार?" मी म्हणायचे, "मग सवलत कशाच्या जोरावर मागताय?"

वर्गात मी पहिल्याच आठवड्यात टिंबर्गेन घ्यायचे. यान टिंबर्गेन हे डच अर्थशास्त्रज्ञ, अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल १९६९ मध्ये दोघांना विभागून मिळालं त्यातले एक. त्यांनी १९६२ मध्ये मांडलं, की दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि मधल्या अंतराबरोबर घटतो. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण जणू. जगभरचे आकडे घाला, सूत्र बऱ्यापैकी जुळतं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मग मी नकाशा लावायचे आणि विचारायचे, मुंबईला जवळ काय, कोची की कराची? सगळे कोची म्हणायचे. सरळ रेषेत मोजलं तर कराची जवळ आहे. आणि मग या सूत्राप्रमाणे मस्जिदच्या गल्लीत कराचीचा माल किती दिसायला हवा?

म्हणून खारकेच्या डब्याकडे या. डिंकाच्या लाडवाचा जीव खारकेत. आपल्याकडे खारीक प्रामुख्याने पाकिस्तानातून, पंजाबातल्या अटारीच्या सीमानाक्यावरून यायची. उपासाचं सैंधवही तिथलंच, खेवड्याच्या खाणीतलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानचा सवलतीचा दर्जा काढून घेतला आणि तिथल्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. पहलगामनंतर, मे २०२५ मध्ये, आपण तिथला माल आणायलाच संपूर्ण बंदी केली, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशातून फिरून. हे दोन्ही देश साफ्टाचे सभासद बरं का! जानेवारी २००४ मध्ये त्या करारावर सह्या झाल्या त्याही इस्लामाबादलाच, आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू आहे.

आता डबा रिकामा आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: "खारीक. देशाची खात्री नाही, म्हणून ठेवली नाही." मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. कारण खारीक बाजारात आहे, हवी तेवढी आहे, आणि विचारलं तर बहुतेक जण 'दुबईची' म्हणतात. यूएईत खजूर पिकतो, त्यामुळे ते खोटंच असेल असं नाही. पण जून २०२५ मध्ये डीआरआयने (तस्करी पकडणाऱ्या केंद्रीय महसूल गुप्तचर खात्याने) न्हावा शेव्याला ३९ कंटेनर धरले, अकराशे टनांवर माल, त्यात पाकिस्तानी खारीक, आणि कागदांवर उगम यूएई. तेव्हा शेठजींची शंका हवेतली नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं ते बघत ते बसतात. धंद्याच्या दृष्टीने शहाणपण की वेडेपणा, ते त्यांचं त्यांना माहीत. माझा त्या दुकानावर विश्वास बसला तो याच डब्यामुळे.

सीमा म्हणजे नुसती रेघ नसते, हे एका कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं होतं. जॉन मॅककॅलम यांनी १९९५ मध्ये लिहिलं, की कॅनडाचे प्रांत आपसात जेवढा व्यापार करतात तो तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच अंतरावरच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या बावीसपट. आकडे १९८८चे. पुढे इतरांनी हिशेब सुधारून ही पट बरीच खाली आणली, पण सीमा आडवी येते हे कुणी नाकारलं नाही. आणि ती कॅनडा-अमेरिकेची सीमा, जिथे भाषा एक, रस्ते चांगले, भांडण नाही. अटारीचं काय बोलावं! जागतिक बँकेच्या हिशेबाने दक्षिण आशियातल्या देशांच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम ५ टक्के. आसियानमध्ये तो चौथ्या हिश्श्याच्या आसपास. करार दोन्हीकडे आहेत.

अफगाणी अंजिरांचा भाव विचारू नका. म्हणजे विचारा, पण आधी बसून घ्या. माळेतलं अंजीर मऊ, मधाळ, आत बी कुरकुरीत. दर्जाला नाव ठेवायला जागा नाही. अफगाणिस्तान २००७ मध्ये सार्कमध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत, आला, पुढे साफ्टातही. ड्युटीची सवलत आहे, आपल्याला माल हवा आहे, त्यांना विकायचा आहे, आणि मधे पाकिस्तान आहे. म्हणून २०१७ मध्ये काबूलहून विमानाने माल आणायची सोय केली. अंजीर विमानाने प्रवास करणार आणि मी लोकलने! पहलगामनंतर सीमा बंद झाल्यावर अडकून पडलेले अफगाणी सुक्या मेव्याचे ट्रक २०२५च्या मे महिन्यात खास परवानगीने अटारीतून आत घेतले होते. शेठजी म्हणतात, त्या दिवसांत भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. हिंग मात्र त्यांनी आधीच भरून ठेवला होता. खडा हिंग घ्या, नखाएवढा तुकडा आठवडाभर पुरतो.

मसाला वेलची नेपाळची. मोठी, काळसर, धुराचा वास असलेली. जगात सगळ्यात जास्त तिथेच पिकते आणि मुख्य गिऱ्हाईक आपण. पूर्व नेपाळातल्या इलाम-ताप्लेजुंगकडून सीमेवरचं काकरभिट्टा, तिथून सिलिगुडी, पुढे मुंबई. इथे टिंबर्गेनचं सूत्र चोख चालतं, कारण सीमा उघडी आहे. नेपाळचा जवळपास दोन तृतीयांश व्यापार एकट्या भारताशी आहे. डब्यातल्या वेलच्या भरलेल्या होत्या, फोल एखादीच. याच नेपाळातून आपल्याकडे बिनड्युटीचं रिफाइंड सोयाबीन तेलही येतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आपण खाद्यतेलावरची ड्युटी वाढवल्यावर त्याचा पूर आला. नेपाळात एवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल बाहेरून आणायचं, तिथे शुद्ध करायचं, तीस टक्के मूल्यवाढ दाखवायची की साफ्टाच्या अल्पविकसित देशांसाठीच्या नियमात बसलं. मिरीपेक्षा हे वेगळं, कारण यात कारखाना खरा आहे, मजूर खरे आहेत. पण तेल निघालं ते गिऱ्हाइकाच्या ओढीने की ड्युटीतल्या फरकाच्या ओढीने, हे ज्याने त्याने ठरवावं. मी ऑफिसात असताना वरिष्ठ म्हणायचे, दोन दरांमध्ये फट ठेवा, बोट आपोआप शिरते.

बांगलादेशच्या नावाची चिठ्ठी एकही नाही. मी मुद्दाम शोधली. शेठजी म्हणाले, "त्यांच्याकडून मी काय घेऊ? जिरं-हळद तेच आपल्याकडून नेतात." शेजारणीच्या परसात आपल्यासारखंच अळू उगवत असेल तर देवघेव कशाची होणार? म्हणून तिथून येतात ते कपडे. २०११ पासून दारू-तंबाखूसारख्या पंचवीस वस्तू सोडून त्यांचं सगळं आपण बिनड्युटी घेतो. माझ्या मुलाचे निम्मे टी-शर्ट तिकडचे. मे २०२५ मध्ये त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर उघडं ठेवलं. ड्युटी शून्यच राहिली, वाट मात्र लांबली. पेट्रापोलच्या नाक्यावरून कोलकात्याला ट्रकने येणारा शर्ट आता बोटीची वाट बघतो.

आता तो कापलेला तारा. एवढ्या निगुतीने देश लिहिणारं हे दुकान पुडी बांधताना मात्र काहीच लिहीत नाही! काउंटरवरचा मुलगा भराभर मोजतो, खाकी पुडीत बांधतो, दोरा, की पुढचं गिऱ्हाईक. घरी येऊन बघते तर दोन्ही मिऱ्यांच्या पुड्या जुळ्या बहिणींसारख्या. वायनाड कुठली, सिलोनी कुठली, हे चावून ठरवावं लागलं. शेठजींना सांगितलं, ते "हो हो" म्हणाले, पुढच्या वेळीही तसंच. शेवटी आता मीच बॉलपेन घेऊन उभी राहते. शिवाय पाव किलोच्या खाली काही देत नाहीत, हिंग तेवढा अपवाद. दोघांच्या संसारात पाव किलो मसाला वेलची म्हणजे नातवंडांच्या लग्नापर्यंतची बेगमी. घरपोच पाठवतात, पण बाहेरच्या पार्सलवाल्याकडून. माझं एक पार्सल फाटून आलं आणि लवंगा पिशवीभर झाल्या. दुकानाने पैसे वळते करून दिले, कटकट न करता. तरी स्वतः जाणंच बरं.

बिल मागितलं तर देतात, यूपीआय चालतं, कार्ड नाही. रविवारी बंद. भावात घासाघीस होत नाही, दुसऱ्या दुकानाचा भाव सांगितला तर शेठजी शांतपणे विचारतात, "चिठ्ठी होती का?"

गोड्या मसाल्यासाठी जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी अकराच्या आत. नंतर लालबाग-गिरगावच्या बायकांची झुंबड उडते आणि मुलगा चिडचिडा होतो. अंजीर दिवाळीच्या तोंडावर घेऊ नका. सिलोनी दालचिनी तिथेच एक काडी मोडून वास घेऊन बघा, शेठजी मोडू देतात. आणि खारीक सध्या दुसरीकडे बघा, किंवा यंदा लाडवांत बदाम वाढवा.